मंगळवारचे हात, शुक्रवारचे हात

मी मातीचा गोळा बोलतोय. म्हणजे गोळा होतो. आता काय आहे, ते ओघानं येईलच.

एका तळ्याच्या काठावरून मला खणलं, चाळलं, तुडवलं आणि पोत्यात भरलं. माझ्या सोबतची माती कुठे माठ झाली, कुठे कौल. वाटायचं, आपणही भट्टीत भाजून पक्के होऊ, कुणाच्या तरी घरी नांदू. पण माझी पाठवणी झाली ती एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत. तिथे एक लांब टेबल होतं, रंगांच्या बाटल्या होत्या, कागद होते, आणि झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मी.

ज्यांना आतलं दुःख बोलता येत नाही, अशी माणसं तिथे यायची. कुणी रंगवायचं, कुणी मला मळायचं. एक छोटी पोरगी नुसते साप वळायची आणि त्यांना कडाकडा भांडायला लावायची. तिच्या घरी काय चाललं होतं, ते सापच सांगायचे. एक आजोबा गेलेल्या आजीच्या औषधाची वाटी करायचे आणि ती रिकामी वाटी बोटानं पुसत बसायचे. तास संपला की मला मोडून पुन्हा गोळा करायचे. मोडणं हा माझ्या नोकरीचाच भाग. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मी माणसं हातांवरून ओळखतो. मंगळवारी जे हात यायचे ते जाड, नखांत ग्रीस अडकलेले. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मंगळवारी खोलीत समुपदेशन करणाऱ्या ताई असायच्या. पहिले कितीतरी मंगळवार त्यानं मला नुसतं दाबलं. मग एकदा म्हणाला, "आमचा भोंगा गेला, ताई. तापाचं निमित्त झालं."

"भोंगा?"

"पोरगा माझा. रडायला लागला की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं, म्हणून भोंगा." तो हसला, आणि हसता हसता माझ्यावर टपकन पाणी पडलं.

"हे घरी बोलता का बायकोशी?"

"छे! ती आधीच अर्धी झालीय. मीही खचलो तर तिनं कुणाकडे बघायचं? इथे येतो हेसुद्धा तिला माहीत नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगतो."

शुक्रवारी ती खोली दुसऱ्यांकडे असायची. पिकल्या केसांचे एक समुपदेशक काका होते, फार कमी बोलणारे. त्यांच्याकडे येणाऱ्या बाईचे हात बारीक आणि थंडगार होते. चष्म्याच्या दुकानात काम करायची. ती मला हळूच उचलायची, झोपलेलं मूल उचलावं तसं.

"काका, आमच्या घरी सगळं चिडीचूप असतं," ती एकदा म्हणाली. "भोंगा होता तेव्हा शेजारी तक्रार करायचे. आता तेच विचारतात, गावाला गेला होतात का?"

मी तिच्या हातात होतो. तेव्हाच मला कळलं.

"आणि नवरा?" काकांनी विचारलं.

"त्याला काही वाटतच नाही हो. डोळ्यांतून टिपूस नाही. पोराचं नावसुद्धा काढत नाही. जेवतो, ओव्हरटाइमला जातो, येतो, झोपतो. दगडाबरोबर संसार करतेय मी."

दगड! अहो, मंगळवारीच त्याच्या आसवांनी मी भिजलो होतो, तो ओलावा अजून माझ्यात होता! तिची बोटं त्याच ओलाव्यात रुतली होती. पण मला तोंड नाही. ताईंना शुक्रवार माहीत नव्हता, काकांना मंगळवार. डॉक्टरांनी नवरा-बायकोला वेगवेगळं पाठवलं होतं, आणि दोघांनीही आपापलं गुपित जिवापाड जपलं होतं, एकमेकांना त्रास नको म्हणून.

असं किती महिने चाललं, मला मोजता येत नाही. मग एका शुक्रवारी तिनं माझा अर्धा भाग तोडला आणि मान वर न करता एक लहान पाऊल केलं. डावं. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, अगदी ऐटीत.

"आज शेवटचं, काका. मी भावाकडे राहायला चाललेय. कायमची. हे मोडायला माझा हात धजत नाही. तुम्हीच काय ते करा."

काकांचाही हात धजला नाही. त्यांनी ते पाऊल खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं.

मंगळवारी तो आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वर-खाली. खुर्ची ओढता ओढता थांबला.

"हे कुणी केलं?"

"दुसऱ्या कुणाचं तरी आहे. सांगता येत नाही मला," ताई म्हणाल्या.

"करंगळी बघा, ताई. अशी करंगळी जगात एकाचीच." तो फळीशी गेला, वाकला, पण हात लावला नाही. "म्हणजे ती इथे यायची? ह्याच टेबलावर? आणि मी तिला ओव्हरटाइम सांगत होतो!"

मग त्यानं डबा उघडला, माझा उरलेला अर्धा भाग काढला आणि उजवं पाऊल केलं. ओबडधोबड झालं, टाच जरा मोठीच. ते डाव्याशेजारी ठेवून तो तडक निघून गेला.

पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, "गेलो होतो तिच्या भावाकडे. पायऱ्यांवर बसून दुपारभर भोंग्याचं बोललो. ती खूप रडली, मीही रडलो. म्हटलं, घरी चल. तर म्हणाली, 'तू तेव्हा असा माझ्यासमोर रडला असतास, तर मी कुठेच गेले नसते रे. आता माझ्यात पुन्हा यायचं बळ नाही.'"

ताईंनी फळीकडे बघत विचारलं, "पावलं न्यायचीत का?"

"नको. आता घरं दोन झालीत. वाटायची म्हटली तर प्रत्येकाकडे एक-एकच जाईल. जोडी कशाला फोडायची?"

तेव्हापासून मी फळीवर आहे. वाळलोय, टाचेला तडा गेलाय. मला आता कुणी मळू शकत नाही. डब्यात नवी माती आलीय. तिला लोकांनी जरूर मळावं, त्यासाठीच ती आहे. पण तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल, तर आधी जरा त्याच्याजवळ जाऊन बसा. तुमचे ओले डोळे त्याला दिसू द्या. दुसऱ्याला जपण्यासाठी तोंड फिरवून रडणारी माणसं मी फार पाहिली. चांगली होती हो सगळी. फार चांगली होती.