तीन वाट्या

"डोळे मीट दादा. अन् वास घेऊ नको अजून," रंजिता म्हणाली. तिने भावापुढे स्टीलच्या तीन वाट्या सरकवल्या आणि इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, दुसरं स्वतःच्या कानात घातलं. "दोन वाट्यांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळी वाटी ओळखाची. उद्या नागपूरले हेच विचारतीन."

जागेश्वर निमजेने डोळे मिटले. उद्या चिप्सच्या कंपनीत चव पाहणारी माणसं निवडायची होती. तो टेम्पो चालवायचा त्या चिप्सच्या एजन्सीचे सुपरवायझर मधुकरराव यांनी त्याचं नाव दिलं होतं. निवड झाली तर अकरा वर्षांची टेम्पोवरची वणवण संपणार होती.

नाव द्यायला कारणही होतं. जागेश्वर भंडाऱ्यातून चिप्सची खोकी भरून निघायचा आणि वरठीपासून गोसीखुर्दपर्यंत दुकानं करायचा. वरठीतली कारखान्याची पोरं खारं नाहीतर मसाला, यापलीकडे हात लावत नसत. समुद्री शेवाळाचे, किमचीचे, मध-लोण्याचे पुडे परत यायचे. ते तो घरी आणायचा. धाकटी रंजिता रसायनशास्त्राची बीएस्सी. कुणी नावही न ऐकलेल्या बँडची गाणी ती शोधून ठेवायची. रविवारी दुपारी प्रत्येक नव्या चवीला एक गाणं जुळवायचं, हा दोघांचा खेळ. "हे शेवाळवालं पयले काहीच बोलत नाई, मंग मागून येते. याले नुसतं बास-गिटार वाजणारं गाणं पाह्यजे," असं तो एकदा म्हणाला. रंजिताने ते मोबाइलच्या स्टेटसवर टाकलं आणि मधुकररावांनी पाहिलं.

त्या गोष्टीला दीड वर्ष झालं. गेल्या दिवाळीपासून जागेश्वरच्या तोंडात चव उरली नव्हती, नुसती आग होती. वरणातलं मीठसुद्धा झोंबायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पुड्याच्या मागचं वाचायचं आणि उरलेलं गाण्यावरून ताडायचं. ड्रम जोरात असले तर तिखट, पोरगी हळू गात असली तर गोड. रंजिता गाणी नीट जुळवून लावायची, त्यामुळे तो क्वचितच चुकायचा.

आज कानात ड्रम बडवत होते, गिटार करवतीसारखी चालली होती. वसाबी या जपानी तिखटाचा हिरवा पुडा सकाळी त्यानेच टेम्पोतून काढला होता. पहिल्या वाटीतल्या चकतीचे त्याने बोटांनी चार तुकडे केले आणि एक ओठांआडून आत सरकवला. जीभ पेटली. दुसऱ्या वाटीलाही पेटली. तिसरीलाही.

"मधातली," दुसऱ्या वाटीवर बोट ठेवून तो म्हणाला. "वसाबी हाय. सिद्धा नाकात चढला."

रंजिताने गाणं बंद केलं. "पुन्हा सांग."

"अवो, वसाबी! डोयात पाणी आलं, दिसत नाई का तुले?"

पाणी खरंच आलं होतं.

"तिन्ही वाट्यांत एकच हाय दादा. घरी तळलेले आलूचे काप. मीठ बी नाई टाकलं." ती हळू बोलत होती. "गाणं मुद्दाम लावलं. मधात एक फेरी अशी द्याची असते. माणूस जिभेनं सांगते का मनानं, ते समजते."

तो हसायला गेला. "मंग मी पास का नापास?"

"चकतीचे तुकडे करून काहून खाल्ले? आ कर."

"कायले?"

"आ कर म्हणून रायली ना!"

त्याने केलं. तिने तीन बोटं जुळवून उभी धरली. ती आत गेली नाहीत. दोन धरली, तीही दातांवर अडली. तिने हात मागे घेतला आणि बोटं ओढणीला पुसत राहिली, पुसण्यासारखं काही नसताना.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"अन् मले दर रविवारी चवी सांगत होता!" तिचा आवाज फाटला. "याले नाव हाय दादा. तोंड आतून आवळत जाते. सुपारीनं."

बाजूच्या खोलीत घासण्याचा आवाज चालू होता. हातमाग बंद पडल्यापासून त्यांची आई, निर्मलाबाई, घरी खर्रा घोटायची. जिथे माग होता तिथेच प्लास्टिकची पट्टी ताणलेली असे आणि तिच्यावर सुपारी, तंबाखू, चुना. बाहेरचा भेसळीचा असतो म्हणून पंधराव्या वर्षापासून जागेश्वर आईच्याच हातचा खात होता.

"आई, थांबव ते!" रंजिता ओरडली.

"काहून वो? गिऱ्हाइकं येतीन आता." आईने आतूनच म्हटलं. "जागो, उद्याचं टेन्शन घेऊ नको बापू. ताजा हाय, एक पुडी टाक तोंडात."

"त्याचं तोंड पाह्य पयले. दोन बोटं जात नाई."

घासणं थांबलं. आई दारात आली. तिच्या हातांना चुना होता. तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"तं बाहेरचा खात असन. माह्या मालात सडकी सुपारी नसते."

"चांगल्या सुपारीनंच होते आई."

"अन् तुही बीएस्सी कायनं झाली?"

रंजिताने आईच्या चुन्याने माखलेल्या हातांकडे पाहिलं.

"तिले काई म्हणू नको," जागेश्वर म्हणाला. "मी उद्या जाऊन येतो. तीनातली एक तं ओळखाची. अंदाजानं बी लागते."

"सात फेऱ्या हायेत," रंजिता म्हणाली. "सातही अंदाजानं लागाले दोन हजारात एक चान्स."

"एक तं हाय ना?"

रंजिताने तिन्ही वाट्या उचलून एकात एक ठेवल्या. थोड्या वेळाने त्याने फोन लावला.

"मधुकरराव, उद्या मले जमत नाई. गोसीखुर्दची लाइन हाय."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "कोणासाठी शब्द टाकला बे मी? साहेबापुढे माही इज्जत घालवली! तू टेम्पोच ओढ जिंदगीभर!"

"हव साहेब. चुकलं माह्यं."

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. "मावशी, पाच पुड्या द्या वो!"

जागेश्वरने दार अर्धं उघडलं. "संपला."

माणूस त्याच्या खांद्यावरून आत बघत होता. पट्टीजवळच्या परातीत रबर लावलेल्या पुड्यांची रास होती. आई खाली बसली आणि तिने पदर परातीवर ओढला.

"बरं, मंग उद्या येऊ का?"

जागेश्वर दार लोटू लागला. रंजिता आईकडे बघत होती.

"ये," आई खाली बघूनच म्हणाली. पदर मात्र तिने परातीवरून काढला नाही.