टोपलीत ठेवलेले कान

"शिडी... लिंबू... कात्री... बादली..." आमच्या गल्लीतल्या नळदुरुस्तीवाल्याचे सासरे डोळे मिटून एकेक शब्द सोडत होते आणि सभागृहातली दीडशे पिकली डोकी श्वास रोखून मोजत होती. चौदावा शब्द आला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, जणू म्हातारा आत्ताच चंद्रावरून उतरला. तासाभरापूर्वी याच माणसाला वीसपैकी फक्त तीन शब्द आठवले होते. मधे घडलं ते एवढंच, की आठवणबुवांनी त्यांच्या डोक्याला एक पिवळाधमक, गुणगुणणारा पट्टा बांधला.

बुवांनी जेमतेम चाळिशी गाठलेली, पण सत्तरीच्या माणसांना 'बाळांनो' म्हणायचे. "बाळांनो, मेंदू म्हणजे मेणबत्ती! जाळाल तितकी संपेल. वाचन, कोडी, कामधंदा, गप्पा, ही सगळी गळती आहे, गळती! पट्टा बांधा, डोळे मिटा, लहरींना काम करू द्या." उचलली जीभ लावली टाळ्याला! याच न्यायाने पायही जपून ठेवा म्हणावं, खुर्चीतून हलूच नका, म्हणजे नव्वदीत शर्यत जिंकाल.

मी मनसोक्त हसून घरी गेले असते. पण दुसऱ्या रांगेत आमचे हे बसले होते, आणि तसलाच एक पट्टा त्यांच्याही डोक्यावर होता.

आमचे हे घड्याळजी. बावन्न वर्षं खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. गिऱ्हाइकाचं घड्याळ असो, माझा मिक्सर असो नाहीतर लेकीची बोलणारी बाहुली, उघडून बघितल्याशिवाय या माणसाला घास गोड लागायचा नाही. सहा महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ कुठे ठेवलं ते यांना दोन दिवस आठवेना. खणातच होतं, सापडलं. पण यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी पोटच्या मुलांनाही ओळखत नव्हते. "माझंही तसंच होणार गं," हे म्हणाले. त्या भीतीच्या भरात कुणीतरी बुवांचा पत्ता दिला, आणि आंधळा मागतो एक डोळा, तिथे बुवांनी दोन कबूल केले.

दोन महिने झाले, टेबलावर चादर पडलेली. पेपर घडी न मोडता रद्दीत. लेकीचा फोन आला की "तूच बोल." दिवसभर पट्टा बांधून खुर्चीत! परवा मला विचारलं, "आज वार कोणता?" मला यांचा राग येत होता, बुवाचा त्याहून जास्त, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. मला माझा नवरा परत हवा होता. म्हणून त्या रविवारी मीही शिबिराला गेले.

दारातच शिष्य टोपल्या घेऊन उभे. "चष्मे, कानातली यंत्रं, कवळ्या इथे ठेवा. धातू आणि काच लहरींना अडवतात." अंगावर धातू चालत नाही, आणि डोक्यावर पट्टा मात्र धातूचाच! पण विचारतो कोण? सगळ्यांना रिकाम्या पोटी बोलावलेलं. यांनी निमूटपणे उजव्या कानातलं यंत्र टोपलीत टाकलं. मग पडद्यामागून एका शिष्याने वीस शब्द वाचले, तेही टेबलावर मांडलेल्या पट्ट्यांची गुणगुण चालू असताना, तोंडात सुपारी धरल्यासारखे. कुणाला तीन आठवले, कुणाला चार. बुवांनी मान हलवली, "अरेरे, किती झीज झाली आहे!"

मी छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. खरखरीतून नंबर ओळखायचा हा माझा धंदा होता. मी ते शब्द ऐकले आणि ध्यानात ठेवले. मग तासभर पट्टे, मग गोडमिट्ट चहा आणि बिस्किटं, मग "लहरी आता आत मुरल्या" म्हणून चष्मे आणि यंत्रं परत, गुणगुण बंद. आणि बुवांनी स्वतः समोर उभं राहून, खणखणीत आवाजात, सावकाश वीस शब्द वाचले. तेच वीस शब्द! शिडीपासून कुलपापर्यंत, एकही इकडचा तिकडे नाही.

मी उभी राहिले. "बुवा, आज जरा उलटं करू या का?"

"काकू, बसा खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसते की. फक्त एकदा पट्टा बांधून, पण यंत्र टोपलीत आणि वाचन पडद्यामागून. आणि एकदा यंत्र कानात, वाचन समोरून, पण पट्टा नाही. शब्द दोन्ही वेळा नवे. माझा नवरा देईल परीक्षा."

बुवा गोड हसले. "अश्रद्धेने लहरी पळतात, बाळा."

"पळून पळून जातील कुठे? दोन महिने मुरल्या आहेत ना?"

बुवांनी हात वर करून विषय मिटवायला घेतला, पण त्यांचे भक्तच त्यांच्या आड आले. "होऊन जाऊ दे बुवा! खऱ्याला कशाची भीती?" नळवाल्याचे सासरे तर बाह्या सरसावून पुढे आले. पहिल्या रांगेतल्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी तिथल्या तिथे वीस-वीस शब्दांच्या दोन याद्या लिहिल्या.

पहिली खेप. पट्टा डोक्यावर, यंत्र टोपलीत, शिष्याची पुटपुट. यांना दोन शब्द आठवले. सभागृहात चुळबुळ झाली. "अश्रद्धेची छाया पडली, छाया," बुवा म्हणाले.

दुसरी खेप. मी यांच्या डोक्यावरचा पट्टा काढला, यंत्र कानात बसवलं, चष्मा दिला. गर्दीपुढे यांना आत्ताही काही आठवलं नाही तर? मग बुवा जिंकणार, आणि हे पुन्हा त्या खुर्चीतून उठणार नाहीत. ग्रंथपाल बाईंनी शब्द वाचले. यांनी डोळे मिटले. गुडघ्यावर यांची बोटं हलत होती, चिमट्याने काहीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखी.

"उशी," हे म्हणाले. "दोरी. पाटी."

"चुकले!" मागून हशा पिकला. "पहिला शब्द जिना होता!"

संपलं सगळं, मला वाटलं. पण ग्रंथपाल बाईंचं बोट कागदावर खालून वर सरकत होतं. "थांबा हो! बरोबर आहे... हेही बरोबर... अहो, हे शेवटून सांगताहेत!"

वीसपैकी सतरा. सर्वांत शेवटी "जिना".

"असं उलटं कसं काय?" नळवाल्याच्या सासऱ्यांनी विचारलं.

"घड्याळ उघडताना एकेक भाग बशीतल्या कप्प्यात ओळीने ठेवायचा," हे सहज म्हणाले. "शेवटी निघालेला भाग बसवताना पहिला. मला दुसरी पद्धत येतच नाही." दोन महिन्यांत यांच्या तोंडून एवढी वाक्यं मी ऐकली नव्हती. मला रडूच आलं.

मग एक आजी उठल्या. "म्हणजे दर रविवारी मला आधी बहिरी करायचं, उपाशी ठेवायचं, आणि नंतर माझेच कान मला परत देऊन चमत्कार म्हणायचं? मेल्या, माझी आठवण पट्ट्यात नाही, तुझ्या टोपलीत होती!" मग जो तो आरडाओरडा करू लागला. बुवांना त्याच क्षणी दीर्घ मौनाची प्रेरणा झाली आणि ते मागच्या दाराने मौनात गेले.

सोमवारी मी यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी यंत्र तपासलं, रक्तदाब पाहिला, खूप प्रश्न विचारले. म्हणाल्या, "आत्ता काळजीचं काही दिसत नाही. विसरणं वाढलं तर लपवू नका, लगेच या. कान-डोळे सांभाळा, चाला, माणसांत बसा, हातातलं काम सोडू नका, काहीतरी नवं शिका. याने धोका कमी होतो. पण हमी मी देत नाही. जो देतो तो खोटं बोलतो." बुवांच्या मेणबत्तीपेक्षा मला हे 'हमी नाही' लाख पटीने आवडलं.

घरी आल्यावर यांनी टेबलावरची चादर काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि पट्टा समोर घेतला. चार स्क्रू. आत एक बटणाएवढा सेल आणि दाढीच्या यंत्रातली फुटकळ मोटर. गुणगुण तिची. बाकी नुसता पत्रा, वरून सोनेरी मुलामा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

यांनी ती मोटर चिमट्याने उचलून बशीत ठेवली. मग खाली मान घालून म्हणाले, "अगं, आयुष्यात जे हाती आलं ते उघडून बघितलं. एवढा हाच उघडला नाही. भीती वाटत होती."

बुवांचं दुकान चालतं ते याच भीतीवर. म्हातारपणाची भीती वाटते, सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली? पण भीती वाटली म्हणून डोकं टोपलीत काढून ठेवू नका. कुणी चमत्कार विकायला आला तर एकच करा, आधी स्क्रू काढून आत बघा.

"आज वार कोणता?" मी मुद्दाम विचारलं.

"सोमवार," भिंग न काढता हे म्हणाले. "आणि तो मिक्सर आण इकडे, आवाज बिघडलाय त्याचा."