घराण्याचं टेंगूळ

त्या शिंप्यांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे आणि मग टेंगूळ बघायला मिळे. सासरे आरामखुर्चीतून उजवा पाय पुढे करत. करंगळीच्या मुळाशी, पावलाच्या बाहेरच्या कडेला, बोराएवढी लालसर गाठ. "जन्म गेला शिवणाच्या फळीवर मांडी घालून, तेव्हा कुठे एवढी झाली," ते म्हणत. पाहुण्यानं "वा!" म्हणायचं असे. जो म्हणत नसे त्याचा सदरा पुढच्या खेपेला काखेत हमखास आवळ होई.

धाकट्या सुनेला पहिल्यांदा हे बघून हसू आवरलं नव्हतं. लेक झाली आणि ते हसू कुठल्या कुठे पळालं. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. आंघोळ घालताना सून रोज तिच्या दोन्ही करंगळ्या चाचपून बघे. शेवटी न राहवून डॉक्टरीणबाईंना दाखवून आली.

"हाडाची ठेवण आजोबांची दिसते, पण घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "अरुंद बूट घालू नका, आत बोटं मोकळी हलायला हवीत. आणि पावलाची बाहेरची कड कडक फळीवर दाबून तासन्‌तास बसू देऊ नका. भार सारखा तिथेच आला की हाड बाहेर सरकतं, कातडी जाड होते आणि दुखायला लागतं."

सुनेनं हे घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितलं. चुकलं ते इथेच.

"म्हणजे एवढं केलं की येतं?" आत्याबाईंचे डोळे लकाकले. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. घरात त्यांच्या शब्दापुढे कात्रीसुद्धा चालत नसे. "नातवंडाच्या पायाला यावं म्हणून मी झुरतेय, आणि हिला कृती ठाऊक आहे!"

घराण्याची सगळी आशा भिंगरीवरच होती. तिच्या बापाला टेंगूळ आलंच नव्हतं. तो खुर्चीवर बसून मशीन चालवे, म्हणून घराण्याची मानाची मोठी कात्री अजून त्याच्या हातात पडली नव्हती. आत्याबाईंनी कोटाच्या उरलेल्या कडक कापडाचे बूट शिवले, पुढून सुईसारखे निमुळते. रविवारी सकाळी भिंगरीला ते घालून फळीवर बसवायचं ठरलं.

"बसेल थोडा वेळ आणि कंटाळेल," नवरा म्हणाला.

"आणि नाही कंटाळली तर?"

"अगं, ती भिंगरी आहे!"

पण रविवारी नव्या बुटांच्या अप्रुपानं भिंगरी फळीवर गप्प बसली. 

"आई, आत बोटं भांडतायत," भिंगरी म्हणाली.

"काढा ते बूट," सून म्हणाली. "तिला लागतंय."

"लागायलाच हवं," आत्याबाई म्हणाल्या. "तुला काय कळणार? तुझे पाय इस्त्रीसारखे सपाट. भाऊ, तू बसून दाखव रे पोरीला."

सासरे फळीवर चढले. पाहुण्यांच्या कौतुकात ते बरीच वर्षं आरामखुर्चीतच होते. त्यांनी मांडी घातली आणि ते किंचाळले, "आई गं!"

"अभिमानानं ओरडला," आत्याबाईंनी सगळ्यांना समजावलं.

सून मात्र त्यांच्या पायाकडे बघत होती. पाचही बोटं वळून मुठीसारखी झाली होती. शेजारी ग्राहकाचा कोट टांगलेला होता, खांदे कच्च्या टाक्यांवर. तिनं एका खांद्याचं पॅड टर्रकन उसवलं आणि सासऱ्यांच्या पावलाखाली सरकवलं.

"अहाहा," सासरे म्हणाले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुणी इस्त्री फिरवल्यासारख्या गेल्या. "दुसरं आहे का गं, सूनबाई?"

"अरे, गाठ मऊ पडेल!" आत्याबाई ओरडल्या.

"पडू दे. दुखतं गं, ताई. पहिल्यापासून दुखतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"लोक वा म्हणत होते ना."

 आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी आपला मोजा ओढून काढला. त्यांची गाठ भावाच्या गाठीपेक्षा मोठी होती. "माझी कुणी बघायलाच मागितली नाही," त्या म्हणाल्या. "मलाही दे एक. आणि पोरीचे ते बूट काढ आधी."

नवरा कोटाचा दुसरा खांदा उसवायला लागला. सुनेनं भिंगरीचे बूट काढले. करंगळीवर लाल वळ उमटला होता. तो फिका पडेपर्यंत ती चोळत राहिली. बूट सुटताच भिंगरी टुणकन उडी मारून अनवाणी पळाली.

"टाचण्या!" सून किंचाळली. "खाली सगळीकडे टाचण्या आहेत!"

नवऱ्यानं भिंगरीला उचलून टेबलावर ठेवलं आणि सगळं घराणं गुडघ्यांवर आलं. सासरे आणि आत्याबाई गुडघ्यांखाली एकेक पॅड घेऊन, नवरा तसाच, सगळे फरशी चाचपत होते. तेवढ्यात कोटवाला ग्राहक दारात आला. टांगलेल्या कोटाकडे बघून म्हणाला, "याचे खांदे कुठे गेले?"

"या दोघांच्या गुडघ्यांखाली," सून मान वर न करता म्हणाली. "तुम्ही बूट काढू नका हं. तसेच आत या."