मंगळवारचा मेसेज

शिवाने कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि ती कलंडू नये म्हणून रक्तदाब मोजायच्या यंत्राची पेटी तिला टेकू म्हणून सरकवली.

"ओले काजूगर आहेत, डॉक्टर. आईने स्वतः सोललेत. बोटं बघा तिची."

मागे उभ्या असलेल्या धोंडूबाईंनी बोटं पदराखाली घेतली. काजूच्या चिकाने ती काळी पडली होती आणि दोन ठिकाणी सालटी निघाली होती.

डॉक्टर अजिंक्य सुर्वे खुर्चीतून उठले. म्हातारीला त्यांनी लगेच ओळखलं. पालीच्या रस्त्यावरच्या या दवाखान्यात धोंडूबाई गणपतीच्या आधीपासून फिरकल्या नव्हत्या.

"शिमग्याला कालच आलो," शिवा म्हणाला. "उद्या पालखी घरी येऊन गेली की लगेच गाडी. बोललो, डॉक्टरांना भेटल्याशिवाय जायचं नाही." त्याने मोबाइल पुढे केला. "हे बघा. एकपण मंगळवार चुकला नाही."

डॉक्टरांनी बघितलं. धोंडूबाईंची आजची भेट नोंदवली आहे, असा मेसेज. त्याच्या वर तसाच एक. त्याच्याही वर तसाच. पंधरा-पंधरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी.

"आमच्या कंपनीत कुणाला खरं वाटत नाही. बोलतात, गावच्या दवाखान्यातून असं येतं? मी उघडून दाखवतो ना, एकशेतीस-ऐंशी! हा मेसेज आला की मी निवांत डबा खायला बसतो. आई ठीक, तर सगळं ठीक."

"बसा," डॉक्टर म्हणाले.

ते मेसेज कुठेतरी जाऊन पोहोचतात, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. दवाखान्याच्या नोंदी संगणकावर ठेवायच्या, त्या रुग्णाच्या सरकारी आरोग्य क्रमांकाला जोडायच्या, आणि महिन्याला ठरावीक आकड्याच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक नोंदीमागे सरकार पैसे देणार, अशी ती योजना. सुरुवातीला त्यांनी एकेक नोंद जीव लावून केली. काउंटरवरच्या विमलाताईंनी घरोघरचे फोन नंबर घातले. म्हाताऱ्या माणसांकडे फोन कुठला? मग मुंबईतल्या मुलांचेच नंबर घातले. पुढे लावणी आली, माणसं शेतात गेली, आणि बाकडी रिकामी पडली. आकडा थोडक्यासाठी अडला. अशाच एका मंगळवारी, तपासणीला यायला हवी होती पण आली नाहीत अशा माणसांची नावं डॉक्टरांनी काढली आणि प्रत्येकापुढे रक्तदाबाचा एक समंजस आकडा लिहिला. कुणाचं काही बिघडत नाही, असं ते तेव्हा स्वतःशी म्हणाले होते. दुसऱ्या वेळी तेवढंही म्हणावं लागलं नाही.

"काय गं आई," शिवाने विचारलं, "डॉक्टर नीट बघतात ना तुला?"

डॉक्टरांनी टेबलाची कड धरली. बाईच्या एका शब्दाचा अवकाश होता.

धोंडूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"बगतात तर," त्या म्हणाल्या. "लय जपून बगतात."

एवढ्यात लाईट गेली. वरचा पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरू लागला.

"इन्व्हर्टर घेतलात? हे बेस्ट केलंत," शिवा म्हणाला. "गोरगरिबांची सोय झाली."

तो त्याच नोंदींच्या पैशातून आला होता. शिवाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

दार लोटल्याचा आवाज झाला तशी धोंडूबाई पुढे सरकल्या. "तुमचे उपकार हायत, डॉक्टर."

"माझे? कसले?"

"शिवा बोलला व्हता, दवाखाना चुकवलास तर म्हस विकतो नि तुला मुंबयला नेतो. त्याच्या त्या खोलीत मी काय करू? खिडकी उघडली तर समोरच्याची मोरी! मी बोलली, जाते रे बाबा, जाते. खोटंच. ती चढण उतरून यष्टीला यायचं म्हंजे छाती भरून येते माझी. मग एक दिवस त्याचाच फोन. आई, मेसेज आला, गेलीस ना! मना कायच कळेना. मग ध्यानात आलं, डॉक्टरांनी म्हातारीची बाजू राखली." त्या हसल्या. "सांजेला दिवा लावते ना, तवा तुमचं नाव घेते मी."

हात रिकामे नकोत म्हणून डॉक्टरांनी पेटी ओढून घेतली. टेकू गेला तशी पिशवी हळूच आडवी झाली आणि चार काजूगर टेबलावर सांडले.

"आजी, हात द्या बघू."

"आता कशाला? लिवा की नेहमीचं."

"द्या हात."

त्यांनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, हवा सोडली. पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताला मोजलं.

"डोकं दुखतं?"

"सकाळचं जड असतं. म्हशीमागं हिंडली की जातं."

"अंधारी येते?"

"त्या दिशी काजू सोलताना आली व्हती. उनाची."

डॉक्टरांनी कपाटातून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. धोंडूबाईंनी निमूटपणे गोळी गिळली. पण डॉक्टर संगणकाकडे वळताच त्यांनी त्यांची बाही धरली.

"किती पण असूदे. एकशेतीसच लिवा. उद्या गाडी हाय त्याची. म्हस महिन्याभरात व्यायची हाय, आता ती विकायची म्हंजे..."

पडद्यावर त्यांचं पान उघडं होतं. एकाखाली एक, एकशेतीस-ऐंशी, एकशेतीस-ऐंशी. कुठे खाडाखोड नाही, कमीजास्त नाही. बघून उतरवलेली गणितं अशी दिसतात. इतकी स्वच्छ, की मास्तरांना वही उघडताच कळावं. डॉक्टरांनी बाहीवरची काळी बोटं पाहिली. मग ती अलगद सोडवली आणि खालच्या रिकाम्या चौकटीत एकशेनव्वद-एकशेदहा लिहिलं.

नोंद पुढे गेली. दाराबाहेर शिवाच्या फोनचा टिंग असा आवाज आला.

धोंडूबाईंनी मान खाली घातली. "काय वो डॉक्टर," त्या पुटपुटल्या. "तुमी पण."

शिवा आत आला तो फोनकडे बघतच. "डॉक्टर, हे काय आलंय? चुकून दाबलं गेलं वाटतं."

"चुकून नाही. आत्ताच मोजलं. तीनदा."

"अहो, पण गेल्या मंगळवारी एकशेतीस होतं. चार दिवसांत एवढं वाढलं?"

"चार दिवसांत नाही वाढलं."

शिवा हसू आणायला गेला, पण ते जमलं नाही. त्याने आईकडे पाहिलं. ती वर बघेना.

डॉक्टरांनी सांडलेले काजूगर एकेक करून गोळा केले, पिशवीत टाकले, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती धोंडूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"हे आधी परत घ्या, आजी," ते म्हणाले. मग संगणकाचा पडदा त्यांनी बाकड्याच्या बाजूला वळवला.

"शिवाभाऊ, बसा."