जालिंदर मास्तरांनी बुजवलेला समुद्र

"मास्तर, इथला समुद्र कुठं गेला?"

इंद्रजीतने मोबाईल जालिंदर मास्तरांच्या नाकाच्या इतका जवळ धरला होता की चष्मा वरखाली करूनही त्यांना काही दिसेना. त्यांनी मान मागे घेतली. पडद्यावर त्यांनीच डिझाइन केलेली वॉल हँगिंग होती. अमेरिकेत कुणीतरी ती टेबलावर पसरून फोटो काढला होता आणि एका जागी लाल गोल ओढला होता.

"कंचा समुद्र, मालक?"

"हा काय. मूळ नकाशात वरपासून खालपर्यंत निळा पट्टा आहे. आपल्यात अर्धाच आहे. वर सगळी जमीन."

"त्यो व्हय." मास्तरांचा चेहरा खुलला. "त्यो मी बुजवला. चुकीचा हुता."

इंद्रजीत बघतच राहिला. तीस वर्षांचा हा धाकटा मालक तसा गुणाचा. वडिलांच्या वयाच्या कामगारांना अहोजाहो करायचा, पण अशा वेळी काय म्हणायचं हे त्याला एमबीएत कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला हा कारखाना चादरी आणि टॉवेलचा. मास्तर तिथे सदतीस वर्षं डिझाइन करत होते. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, एक चौकोन म्हणजे एका धाग्याची जागा. पूर्वी त्यावरून मागाला लावायच्या पुठ्ठ्याला भोकं पाडत, आता तेच चौकोन संगणकात भरतात. पण मास्तर अजून आधी कागदावर काढायचे आणि मगच संगणकाला हात लावायचे. त्यांच्या हातच्या डिझाइनमध्ये एक चौकोन चुकला म्हणून माग थांबला, असं सदतीस वर्षांत झालं नव्हतं. मास्तरांकडे ना शेत होतं ना प्लॉट, हीच त्यांची कमाई होती आणि ती ते जपून होते. येत्या एकतीस मेला ते निवृत्त होणार होते.

शेवटची ऑर्डर चांगली आली होती. तिकडे अमेरिकेत फार पूर्वी स्पेनच्या पाद्र्यांनी उजाड मुलखात मिशन म्हणजे धर्मप्रसाराची ठाणी बांधली, घंटा टांगल्या, भोवती गावं बसवली. त्यातल्या एका मिशनच्या आवारात आता संग्रहालय आहे. तिथल्या दुकानात विकायला त्यांना एक जुना नकाशा भिंतीवर टांगण्याजोगा विणून हवा होता. नकाशात शिडाची जहाजं होती, एक भलामोठा मासा होता, ठिकठिकाणी क्रूस होते आणि कॅलिफोर्निया नावाचा लांबोडा मुलूख होता. त्याच्या चारी बाजूंनी निळा समुद्र.

रंग पास करायला जहाजाचा कोपरा तेवढा विणून पाठवला, तो पासही झाला. मग एका रविवारी मास्तरांनी सहज कपाटावरचं मुलीचं शाळेतलं नकाशाचं पुस्तक काढलं. कॅलिफोर्निया सापडला. पण तो बेट नव्हता. खाली समुद्राची एक चिंचोळी पट्टी आत शिरलेली आणि वर सगळी सलग जमीन. मास्तरांनी मोबाईलवरही बघितलं. तिथेही जमीनच. एवढे मोठे लोक, एवढं मोठं संग्रहालय, आणि नकाशा चुकीचा? ही चूक आपल्या मागावर उतरली तर नाव कुणाचं जाणार? सोमवारी त्यांनी निळ्या पट्टीचा वरचा अर्धा भाग चौकोन चौकोन करून मातकट रंगाने भरून टाकला. कुणाला काही बोलले नाहीत. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्यांना वाटलं नाही.

आता तीनशे साठ नग खोक्यांत बांधून तयार होते आणि एक अमेरिकेत टेबलावर पसरलेला होता.

"त्यांनी एक फॉर्म पाठवलाय," इंद्रजीत म्हणाला. "दोष कसा झाला, परत होऊ नये म्हणून काय केलं, आणि ज्याच्या हातून झाला त्याची सही. ते आलं की परत विणून घेतील. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. तुम्ही नजरचूक लिहा. मी इंग्रजी करतो."

"नजरचूक न्हाई झाली, मालक. नजरेनं बघूनच केलंय."

"अहो, लिहायला काय जातंय?"

फॉर्मच्या चार घड्या करून मास्तरांनी तो खिशात ठेवला. उन्हाने रस्ता तापला होता. घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात एवढंच फिरत होतं की चूक दाखवल्याबद्दल नोकरीत बोलणी खाल्लेले लोक आपण पाहिलेत, पण चूक दुरुस्त करून दोषी ठरलेला आपण पहिलाच.

"काय झालं?" बायको चांगुणाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"समुद्र बुजवला म्हनत्यात."

"कुनी?"

"मी."

चांगुणाने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ऊन लागलेलं नव्हतं.

संध्याकाळी मास्तरांनी मुलीला फोन लावला. बुद्धप्रिया टेंभुर्णीच्या शाळेत इतिहास शिकवते. बापाचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "थांबा पप्पा, बघून सांगते." अर्ध्या तासाने तिचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"पप्पा, तुमचं बरोबर आहे. ते बेट नव्हतंच कधी. स्पेनचे खलाशी आले, एका बाजूनं थोडं फिरले आणि ठरवून टाकलं की बेट आहे. मग शंभर वर्षं सगळे तसंच काढत गेले. एकाचं बघून दुसरा."

"आनि कुनी चालत जाऊन बघितलं न्हाई?"

"बघितलं ना. एक पाद्री होता. त्याला आतल्या मुलखातल्या लोकांनी निळे शिंपले भेट दिले. तसले शिंपले त्यानं फक्त पलीकडच्या समुद्राच्या काठी पाहिले होते. या लोकांकडं तर होड्या नाहीत. मग शिंपले आले कसे? म्हणजे चालत जायला वाट आहे. मग तो स्वतः गेला, बघून आला आणि नवा नकाशा काढला."

"मग मिटलं की."

"कुठलं मिटतंय? पुढं चाळीसेक वर्षं लोक बेटच काढत होते. शेवटी राजाला फर्मान काढावं लागलं, की हे बेट नाही म्हणून."

मास्तरांनी विचारलं, "त्या शिंपलेवाल्या लोकांना तर पैल्यापासून म्हाईत असंल. त्यांना का न्हाई कुनी इचारलं?"

"त्यांना कोण विचारतंय, पप्पा," बुद्धप्रिया म्हणाली. "त्यांना धरून आणून मिशनमध्ये ठेवलं, डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती केलं, नवी नावं दिली. नकाशा काढताना कोण विचारणार?"

फोन ठेवल्यावर मास्तर कट्ट्यावर बसले. त्यांचे वडील मंद्रूपहून पायी सोलापूरला आले होते आणि बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हणून बौद्ध झाले होते. कुणी डोक्यावर पाणी घातलं म्हणून नव्हे. हे आणि ते एक नव्हतं, एवढं मास्तरांना कळत होतं. पण मग तो पाद्री चांगला म्हणायचा की वाईट? त्यानेच लोकांना मिशनमध्ये आणलं आणि त्यानेच त्यांचे शिंपले नीट बघितले. मास्तरांना काही कळेना, आणि न कळणं त्यांना फारसं जमत नसे. चौकोन एक तर भरलेला असतो नाहीतर रिकामा.

आणखी एक गोष्ट त्यांना छळत होती. त्यांची आई केराबाई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला आणि फळीवरची भांडी हलली, तेव्हा तू पोटात होतास. शाळेत गुरुजींनी मात्र सगळ्या पोरांची लिहिली तशी त्यांचीही तारीख एक जून लिहिली, आणि सालही भूकंपाच्या आधीचं टाकलं. त्या कागदापायीच ते वर्षभर आधी निवृत्त होत होते. आईला कुणी विचारलं नव्हतं. ती तर शाळेच्या दाराबाहेरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर सरळ इंद्रजीतच्या केबिनमध्ये गेले.

"मालक, एकच इचारतो. त्यांना म्हाईत हाय का, की नकाशा चुकीचा हाय?"

"माहीत आहे की. मी काल विचारलं."

"मग?"

"मग काय, चुकीचा आहे म्हणूनच तो प्रसिद्ध आहे. लोकांना तोच हवा असतो. बरोबर नकाशा काय, कुणाच्याही मोबाईलवर आहे."

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली. "म्हंजी चूक ठावी असून चूक इणायची."

"हो."

"मग माझं काय चुकलं?"

इंद्रजीतने पेन खाली ठेवलं. त्यालाही आता हसू येत नव्हतं. "मास्तर, तुम्ही बरोबर केलं. तेच चुकलं."

मास्तर आपल्या जागेवर आले. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते सापडत नव्हतं. इंद्रजीतचा नव्हता. बाहेर पंचवीस माग या ऑर्डरवर थांबलेले, त्याला घाई असणारच. अमेरिकेतल्या लोकांचाही नव्हता. आपल्या वाडवडिलांची चूक कुणाला भिंतीवर टांगावीशी वाटली तर त्यांचं घर, त्यांची भिंत.

जेवणाच्या सुट्टीत गुरम्मा आली. ती कडा शिवायच्या खात्यात होती. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि रागावली की दोन्ही. बाद ठरलेल्या मालाची लेबलं उसवायचं काम आता तिच्याकडे आलं होतं.

"मास्तर, तीनशे साठ लेबल उसवायला लावलेत मला. एवढा चांगला माल. कुठं खोट हाय दाखवा तरी."

मास्तरांनी बोट ठेवलं. गुरम्माने वाकून बघितलं, धाग्यावरून अंगठा फिरवला, उलटी बाजू बघितली.

"हितं तर काही नाही. धागा सरळ हाय."

"सरळच हाय."

"मग?"

"हितनं चालत जाता येतं, ही खोट हाय."

गुरम्माने त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. निवृत्तीच्या दिवसांत माणसं असं बोलतात, हे तिने नवऱ्याचं पाहिलं होतं.

दुपारी मास्तर समुद्र परत भरायला बसले. आधी कागद. मातकट चौकोन खोडायचा, निळा भरायचा. ओळीमागून ओळ. मग संगणक. काम अवघड नव्हतं, पण त्या पाद्र्याच्या पायाखालची जमीन आपण एकेक चौकोनाने काढून घेतोय असं त्यांना सारखं वाटत होतं, आणि त्याच्याही आधी त्या वाटेने शिंपले घेऊन गेलेल्यांच्या पायाखालची.

शेवटच्या दहा ओळी राहिल्या तेव्हा त्यांच्या मनात आलं, एक धागा ठेवून द्यावा. निळ्यातून आडवा जाणारा एकच मातकट धागा. भिंतीवर टांगल्यावर कुणाला दिसणार? आपल्याला तेवढं माहीत राहील. त्यांनी तो ठेवलाही. चहा आला, प्यायले. परत पडद्याकडे बघितलं आणि मग त्यांनी तो धागाही निळा केला. चुकीचा नकाशा द्यायचा तर तो बिनचूक द्यायचा. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, घड्या सरळ केल्या आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात मराठीतच लिहिलं: नकाशा चुकीचा होता. मी तो बरोबर केला. आता पुन्हा चुकीचा केला आहे. खाली सही, जालिंदर महिपती शिवशरण.

इंद्रजीतने दोनदा वाचलं. वाद घातला नाही. शेजारच्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द लिहिले.

"काय लिवलं, मालक?"

"माणसाची चूक, असं लिहिलंय."

"कंच्या मानसाची?"

"ते विचारत नाहीत, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

एकतीस मेला शाल, नारळ आणि दोन भाषणं झाली. सदतीस वर्षांत एक चौकोन चुकला नाही, असं थोरले मालक म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इंद्रजीत खाली बघत होता. जाताना गुरम्माने एक पिशवी हातात दिली. आत बाद झालेल्या मालातला एक नग होता, लेबल उसवलेला. बाकीचे कारखान्याच्या दुकानात स्वस्तात विकायला गेले होते.

घरी भिंत होती, पण त्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. शेजारी हा नकाशा टांगावा असं काही मास्तरांना वाटेना. दोन दिवस तो पलंगावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा तो घेऊन गच्चीवर गेली. तिला वर्षाच्या मिरच्या वाळवायच्या होत्या आणि जाड कापड हवं होतं.

मास्तर वर आले तेव्हा जहाजं, मासा, क्रूस, समुद्र, सगळीकडे लाल मिरच्या पसरलेल्या होत्या. ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि वरच्या बाजूच्या त्या मातकट पट्टीतल्या मिरच्या एकेक करून बाजूला सारायला लागले.

"अवं, काय करताय? आत्ताच पसरलंय मी."

"एवडी जागा मोकळी ठेव."

"का?"

"वाट हाय तितनं."

चांगुणाने नकाशाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिला काही कळलं नाही. पदर खोचून ती समोरच्या टोकाला बसली आणि तिकडून मिरच्या सारत त्यांच्या दिशेने येऊ लागली.