दोन चुलींमधली भिंत

पेडगावच्या लिंबाजी आणि बन्सीधर या सख्ख्या भावांची चूल त्या साली दिवाळीनंतर वेगळी झाली. शेत, बैल, शेतावरचा गोठ्याचा आखाडा सगळं सामाईकच राहिलं. फुटली ती फक्त चूल. लिंबाजीची बायको कस्तुराबाई आपल्या जुन्या चुलीवर राहिली आणि त्याच खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात बन्सीधरच्या पंचफुलासाठी नवी चूल घातली गेली. मधून भिंत घ्यायचं ठरलं. भावांनी अंगणात कच्च्या विटा पाडल्या, छातीइतकी भिंत उचलली, आणि तेवढ्यात कापसाची वेचणी आली. भिंत तिथंच राहिली.

अर्धी भिंत नसल्याहून वाईट. इकडे पीठ घ्यायला उठली की कस्तुराबाईला पलीकडे पंचफुलाचा भांग दिसायचा. तिच्या तव्यावर काय पडलं ते वासावरून कळायचं, पण विचारायची चोरी. पंचफुलाची धाकटी पोर पालथ्या पाटीवर चढून भिंतीवरून हात पुढं करून "मोठे माय, भाकर" म्हणायची, की आई तिला मागं ओढायची. कस्तुराबाई काढलेली चतकोर तशीच टोपल्यात ठेवायची. राग दोघींचाही पहिल्या आठवड्यातच विरून गेला होता. उरला होता तो नुसता शिणवटा. सकाळी उठतानाच अंग दमलेलं असायचं, आणि दिवसभराचं काम त्याच्यावर चढायचं.

दोघे भाऊ कापसाच्या गाड्या घेऊन परभणीला गेले. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद, खरेदी बंद, गाड्यांची रांग जागची हलेना. आणखी दोन-तीन दिवस लागतील असा निरोप आला. त्या सकाळी कस्तुराबाई वेचणीला गेलीच नाही. जे व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं म्हणून तिनं अंगणात माती ओढली, पाणी ओतलं, वर भुसा टाकला आणि लुगडं खोचून चिखल तुडवायला लागली.

चार फेऱ्यांतच गुडघे बोलायला लागले. ती विटांच्या ढिगावर टेकली. आडावरून पंचफुला आली, तिनं घागर उतरवली, चिखलाकडं पाहिलं, जावेकडं पाहिलं आणि चिखलात उतरली. मग एक तुडवायला आणि एक पाणी घालायला, असं करत गारा तयार झाला.

कस्तुराबाई बाजेवर उभी राहून वीट बसवत होती. पंचफुला पलीकडून एकेक वीट वर देत होती.

"एवढी घाई हाय का तुमाला, जाऊबाई?" पंचफुलानं विचारलं. आवाजात टोचणी नव्हती.

"घाई कशाची? तुझ्या मनासारखं होऊन जाऊ दे एकदाचं."

पंचफुलाचा हात विटेसकट तसाच राहिला. "माझ्या मनासारखं?"

"वेगळं तूच मागितलंस की."

"मी कधी मागितलं? हे म्हणले, वहिनीला आता झेपंना गेलंय, तिनंच दादाजवळ वेगळं व्हायचं काढलंय. मी म्हणलं, बरं. त्यांच्या मनात तसं असंल तर तसं."

कस्तुराबाई सावकाश बाजेवर बसली. "मला ह्यांनी सांगितलं, धाकटीला तिचा संसार पाह्यजे, रोज बन्सीजवळ रडायलीय."

"मी रडले ते माझी माय वारली तवा."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडं नीट पाहिलं. कस्तुराबाईला आता ज्येष्ठातली गोष्ट आठवली. खालच्या पट्टीत कापूस घ्यायचा की तूर, यावरून भावाभावांत लागलं होतं. आठ-दहा दिवस दोघं शेजारी बसून गप्प जेवायचे. एकमेकांना वेगळं हो म्हणायची जीभ कुणाचीच उचलली नसणार. मग दोघांनी ते बायकांच्या गळ्यात बांधलं. आणि गाव म्हणत होतं, बायांनी घर फोडलं. शेजारची बायनाबाई आडावर तिच्या तोंडावर तसं म्हणाली होती, आणि कस्तुराबाईनं मान खाली घालून घागर उचलली होती.

आपल्याला संताप यायला पाहिजे, असं तिला वाटलं. तिनं तो मनात धुंडाळला. सापडला नाही. नुसत्या पोटऱ्या ठणकत होत्या.

"मंग आता?" पंचफुला म्हणाली. "पाडायची का भिंत?"

कस्तुराबाई हातावरचा चिखल खरवडायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा बन्सीधर तिच्या कमरेइतका होता. तेव्हापासून कोंबड्याच्या बांगेला उठायचं आणि घरच्या, गड्याच्या, आल्यागेल्याच्या भाकरी थापायच्या. लिंबाजीनं वेगळं व्हायचं सांगितलं त्या क्षणी, वाईट वाटायच्या आधी, तिला काहीतरी अंगावरून उतरल्यासारखं झालं होतं. उद्यापासून दोघांपुरतं पीठ. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी मागितलं न्हवतं, पंचफुला," ती म्हणाली. "पर खोटं कशाला बोलू. मला बरं वाटलं होतं."

पंचफुला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मला बी वाटलं. म्हणलं, आता कालवणात मीठ कमी पडलं तर माझ्यापुरतं पडंल."

"मिठावरून मी कधी बोलले का तुला?"

"बोलत न्हवता. गप वाढून घेऊन वरून मीठ टाकायच्या. तेच लय लागायचं."

कस्तुराबाईला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर येईपर्यंत दम टिकला नाही. ती कमरेवर हात ठेवून उठली. "दे वीट. गारा वाळायलाय."

भिंत माळवदाच्या लाकडांना टेकायला आली तेव्हा कस्तुराबाईच्या लक्षात आलं, धूर जायचं छतातलं साणं तिच्या बाजूला राहिलंय. पंचफुलाचा धूर जाणार कुठं? भिंत घालणाऱ्या दोघांनाही हे सुचलं नव्हतं. तिनं पहार आणली. मागच्या भिंतीला उंचावर दोघींनी आळीपाळीनं घाव घातले, तेव्हा कुठं हातभर उजेड आत आला. मग एक अलीकडून आणि एक पलीकडून लिंपायला बसली. भिंत पुरी झाली होती. पंचफुला दिसत नव्हती, तिच्या तळव्याचा ओला आवाज तेवढा येत होता.

दोन दिवसांनी भाऊ परतले. लिंबाजीचे डोळे जागरणानं तांबारले होते. त्यानं ओल्या भिंतीवरून बोट फिरवलं. "कुणी केली पुरी?"

"आमी," कस्तुराबाई म्हणाली. त्याला काय काय विचारायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिनं ताट वाढलं.

त्याचा पहिला घास तोंडात होता तोच भिंतीपलीकडून पंचफुलाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण स्वच्छ. "वहिनीनं वेगळं मागितलं म्हणलात. कुणाजवळ मागितलं त्यांनी?"

पलीकडं बन्सीधरनं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

लिंबाजीचा हात ताटावर थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं. कस्तुराबाईनं नजर हटवली नाही. त्यानं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला.

"आणखी वाढू का?" तिनं विचारलं.

"नगं."

तिनं निखाऱ्यांवर राख ओढली, हात धुतले आणि तिथंच, चुलीच्या उबेला, पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. ताट त्याचं त्यानंच उचललं. तिला ते ऐकू आलं, पण डोळे उघडावेसे वाटले नाहीत.