किटलीचा श्वास

अंतर पाळण्याच्या बाबतीत आमच्या इमारतीचा हात धरणारं जगात कोणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. इथेच राहणाऱ्या नर्सताईला दगड मारतानासुद्धा प्रत्येक जण आवारातल्या आपापल्या खडूच्या वर्तुळात उभा होता. सहा-सहा फुटांवर, तोंडाला मास्क लावून. एका काकांचा पाय रेघेबाहेर पडला, तशा शेजारच्या वहिनी कडाडल्या, "काका, अंतर!" काकांनी पाय आत घेतला आणि मग दगड मारला.

तो ताईच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज चौदाव्या वर्तुळापर्यंत आला. चौदावं वर्तुळ माझं. माझ्या हातात दगड नव्हता. तोंडात शब्दही नव्हता.

झालं होतं ते असं. साथ सगळ्या शहरात होती, पण आमच्या रस्त्यावर ती आमच्याच इमारतीला चिकटली. दोन आठवड्यांत एकतीस जण आडवे झाले, त्यातले दोघे उठलेच नाहीत. इतकी शिस्त पाळूनही आमच्याच मागे हे शुक्लकाष्ठ का? उत्तर होतं श्वास बघून रोग ओळखणाऱ्या श्वासमहाराजांकडे. ते आले तेव्हा आजारी होते तीन. आजार वाढला तशी त्यांच्यापुढची रांग वाढली, रांग वाढली तसा आजार वाढला. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

महाराज तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत बसत. दार घट्ट बंद, कारण फटीतून शक्ती गळते. भक्ताने आत जायचं, मास्क उतरवायचा, आरशावर हाऽ करून श्वास सोडायचा. काच नुसतीच धुरकटली तर तुम्ही निर्दोष. फुली उमटली तर रोग तुमच्या आत. महाराज सारखे खोकत. "तुझाच रोग ओढून घेतोय रे बाळा," असं म्हणत आणि बाळाच्या तोंडावर खोकत.

नर्सताई मात्र गेली नाही. उलट जिन्यात उभी राहून सांगू लागली, "महाराजांच्या आधीचे तीन सोडले तर आजारी अठ्ठावीस. त्यातले सव्वीस त्या खोलीत जाऊन आलेत. उरलेले दोघे त्यांच्याच घरातले. नुसते बाहेर रांगेत उभे राहून परतले त्यांना काही झालेलं नाही. ती खोली बंद करा."

दुसऱ्याच दिवशी महाराज आरसा घेऊन आवारात आले. ताईला खाली बोलावलं. "बाई, खरी असशील तर सोड श्वास!" ती वैतागून श्वास सोडून मोकळी झाली. काचेवर ठसठशीत फुली.

महाराज ओरडले, "हीच ती! हिच्याच श्वासातून सुटतंय सगळं!"

मग दगड. पहिल्याने मनगट मोडलं, दुसऱ्याने कपाळ फोडलं. ताई गुडघ्यांवर बसली, कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळत होतं. तिसरा दगड उचलला जात असताना फाटकाजवळच्या सलूनमधून तिचा भाऊ धावत आला. सलून दोन महिने बंद, म्हणून आरसा त्यानेच महाराजांना वापरायला दिला होता. हातात चहाची उकळती किटली. वाटलं, आता ओततो कुणाच्या तरी डोक्यावर. त्याने महाराजांच्या हातातला आरसा हिसकावला आणि किटलीच्या तोटीवर धरला.

फुली उमटली.

"घ्या! किटलीपण चेटकीण निघाली! मारा दगड!"

काका तेवढे म्हणाले, "किटली तुझीच आहे. घराणं एकच."

"मग हे बघा, काका." त्याने ओल्या फडक्याने आरसा खसाखसा पुसला आणि पुन्हा वाफेवर धरला. फुली नाही. "सुकलेल्या साबणाची रेघ डोळ्यांना दिसत नाही. वाफ आली की तेवढ्या रेघेवर धुकं धरत नाही. दाढी करताना आरसा धुरकटू नये म्हणून वीस वर्षं मी हेच करतोय! फुली खालच्या अर्ध्यावर काढलेली. ज्याला अडकवायचं त्याच्यापुढे आरसा खालची बाजू वर करून धरायचा. काय महाराज, खिसा दाखवता का?"

खिशातून साबणाची चपटी वडी निघाली. हॉटेलातली असते तशी.

त्यानंतर लोकांनी जे केलं ते मी पाहिलं आहे. वर्तुळं ओलांडून सगळे तुटून पडले. महाराजांना केसांना धरून फरफटत मीटरच्या खोलीत नेलं आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दार लावलं. आतून ओरडा, शिव्या, आणि ओल्या लाकडावर घाव पडावा तसा आवाज. मोडका हात पोटाशी धरून ताई दारावर दुसऱ्या हाताने थापा मारत होती. "सोडा त्याला! ताप आहे त्याला! निदान दार तरी उघडा रे!"

मी अँब्युलन्सला फोन लावला. तो आधीच लावायला हवा होता, हे मला कुणी सांगायला नको.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं आपल्याकडे म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की नमस्काराआधी एकदा किटली चढवून बघावी. आणि आजारी कोण पडलं याची यादी करणारी बाई भेटली, तर दगड खाली ठेवून तिची यादी वाचावी.

महाराज वाचले, चार दात सोडून. ताईचा हात प्लास्टरमध्ये राहिला दीड महिना.

त्याच आठवड्यात इमारतीत आणखी नऊ जण आजारी पडले. नऊच्या नऊ महाराजांना मारायला आत गेलेले. मीटरच्या खोलीला खिडकी नाही.